सूचनाफलक, बिजागरीसह

सदर कर्मचारी कारागृहाच्या उद्योग विभागात सुतारकाम निदेशक या पदावर कार्यरत आहे. बांधा मध्यम, चष्मा आहे. ओळखीची खूण: डाव्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. वर्तणूक समाधानकारक, बोलणे आवश्यकतेहून अधिक. ताब्यातील हत्यारे, म्हणजे करवती, रंधे व पटाश्या, दररोज सायंकाळी मोजून बरोबर भरतात. ताब्यातील बंदीही बरोबर भरतात. शिक्षा: एक लेखी ताकीद. विशेष कामगिरी: निरंक.

सेवापुस्तकातला हा मजकूर ज्या कारकुनाने लिहिला त्याचा या सुतारावर, म्हणजे मिस्त्रीवर, काही राग नव्हता. उलट दोघे रोज एकाच बाकावर बसून डबा खात आणि एकमेकांच्या बायकांच्या हातची भाजी वाखाणत. पण रिकामा रकाना दिसला की त्यात 'निरंक' लिहायचं, हे त्या कारकुनाच्या हाताला इतकं बसलं होतं की स्वतःच्या लग्नाच्या अर्जावरही त्याने कुठेतरी तो शब्द लिहिला असणार. हाताला बसलेल्या सवयीचा दोष माणसाला देता येत नाही. ही गोष्ट तशी सगळी हाताला बसलेल्या सवयींचीच आहे.

मिस्त्रीच्या हाताला कड्या बसल्या होत्या. तुरुंगातल्या सुताराला दोन कामं असतात. शिक्षा झालेल्या माणसांना खुर्च्या-टेबलं आणि शाळेचे बाक करायला शिकवायचं, हे एक. आणि इमारतीतली दारं धडधाकट ठेवायची, हे दुसरं. दारांना त्या इमारतीत तोटा नव्हता. मिस्त्री नोकरीला लागला तेव्हा त्याच्या मिशा नुकत्या फुटल्या होत्या, आणि त्या पिकेपर्यंत त्याने जी जी कडी बसवली ती दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवली. आत राहणाऱ्याला कडीची गरज काय, हा प्रश्न तिथे कुणी कुणाला विचारलेला नव्हता. तुरुंगाची मूळ कल्पनाच तशी असते.

स्वभावाने मिस्त्री बढाईखोर होता, हे लपवण्यात अर्थ नाही. या इमारतीत माझा रंधा न लागलेलं एकच दार आहे आणि ते साहेबांच्या गाडीचं, असं तो नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगे. कैद्यांना मात्र तो 'तुम्ही' म्हणे. वॉर्डर लोक चिडवत, की मिस्त्री, हे काय तुमचे व्याही लागतात? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: ज्याच्या हातात आपण स्वतः करवत देतो त्याला अरेतुरे करू नये. उत्तर शहाणपणाचं होतं, पण खरं नव्हतं. ज्यांच्या हातात फक्त पॉलिश पेपर असे त्यांनाही तो 'तुम्ही'च म्हणे.

पॉलिश पेपर हातात घेऊन त्याच्या कारखान्यात एक दिवस ड्रायव्हरकाका आले.

काका बस चालवत. भल्या पहाटेच्या फेरीला त्यांचा डोळा लागला आणि थांब्यावर उभी असलेली दोन माणसं गेली. कोर्टात त्यांनी आपल्या वकिलाला फार बोलू दिलं नाही. डोळा लागला होता, एवढं म्हणाले आणि खाली बसले. वय झालेलं, पाठ किंचित वाकलेली, सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं. मिस्त्रीने त्यांना खुर्चीचे पाय घासायला दिले. बस ज्या निगुतीने पुसत असतील त्या निगुतीने ते पाय घासत, आणि मिस्त्रीची बडबड ऐकून घेत. ऐकून घेणारा माणूस मिस्त्रीला घरी मिळत नसे, त्यामुळे दोघांचं जमलं.

काही आठवड्यांनी मिस्त्रीच्या लक्षात आलं, की काकांचा सदरा मोठा होत चाललाय. सदरे मोठे होत नसतात. काका जेवत नव्हते. सकाळचं ताट अर्धं परत जाई, संध्याकाळचं सगळंच.

तुरुंगात न जेवणाऱ्या माणसाची मोठी दखल घेतली जाते. जेवणाऱ्याची कुणी घेत नाही. जेलर स्वतः बराकीत आले. उंच, कोरडे, शिस्तीचे गृहस्थ. खिशातला रुमालही घडीवर घडी ठेवून बाळगणारे. त्यांनी रीतसर विचारलं, उपोषण आहे का. काका म्हणाले, नाही. मागण्या काय? काही नाहीत. मग खात का नाही? भूक नाही. जेलरांना घाम फुटला. मागण्यांचं उपोषण त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यात निदान नाही म्हणता येतं. बिनमागणीच्या उपोषणाला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याच नियमावलीत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, वजन घटल्याचं लिहिलं आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'पश्चात्ताप'. त्यावर गोळी नव्हती. असंच चाललं तर हा माणूस पावसाळा पाहणार नाही, असं ते जेलरांना हळूच म्हणाले.

एक दिवस दुपारी काका बाकाला टेकून उभे असताना तसेच खाली घसरले आणि भुशाच्या ढिगावर बसले. मिस्त्रीने पाणी दिलं. आपला डबा उघडून पुढे ठेवला. काकांनी डब्याकडे असं पाहिलं, की भूक नाही हे धादांत खोटं आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग त्यांनी झाकण स्वतःच्या हाताने परत लावलं.

"मिस्त्री," ते खाली बघत म्हणाले, "खाल्लं की जावं लागतं."

मिस्त्रीला हे समजायला वेळ लागला नाही, आणि त्याचं श्रेय त्याच्या सासूबाईंना होतं.

त्याचं असं होतं, की मिस्त्रीच्या स्वतःच्या घरातल्या बाथरूमचं दार लागत नसे. ओलीने फुगलेलं, कडी तुटलेली. घरच्यांनी त्यावर तोडगा काढला होता: आत गेलेल्याने खोकत राहायचं. जगाला दारं बसवत फिरता आणि घरात आम्ही खोकतोय, हे बायको दर आठवड्याला ऐकवी. सासूबाई राहायला येत तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांची भूक मरे. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी गॅस चालू राहिल्याचं आठवे, आणि त्या जात. मिस्त्रीने ते दार इतकी वर्षं का दुरुस्त केलं नाही, याबद्दल बायकोचा एक अंदाज होता आणि तो बरोबर होता.

म्हणजे न लागणाऱ्या दारापुढे अब्रूदार माणूस जेवण सोडतो, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्याचा तो आजवर फायदा घेत आला होता.

बराकीतले संडास त्याने कामाच्या निमित्ताने हजारदा पाहिले होते. म्हणजे पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी कडी तपासण्याचं निमित्त करून तो मुद्दाम गेला. लांबलचक बराक, दोन्ही बाजूंना अंथरुणं, आणि टोकाला चार संडास. प्रत्येकाला तीन बाजूंनी कमरेपर्यंतची भिंत, चौथ्या बाजूला काहीच नाही. का नाही, याचं कारण लेखी होतं: बंदी सतत दृष्टीस राहावा. 'सतत' हा शब्द ज्याने लिहिला त्याच्या घरच्या बाथरूमला दार होतं, असं मानायला हरकत नाही. बराकीने आपल्या परीने एक रीत पाडली होती. कुणी तिकडे गेला, की बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने बोलायचं. हवा, कोर्टाच्या तारखा, काहीही. तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना वाटे, ही बराक भारी गप्पिष्ट आहे, सकाळी तर विशेषच. पण नव्याने आलेल्याला रीत माहीत नसे, आणि खिडकीतल्या वॉर्डरला भिंतीकडे तोंड करण्याची परवानगी नव्हती. काका जन्मभर सदऱ्याचं वरचं बटण लावणारे. त्यांनी सोपा मार्ग काढला होता: जायचंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने त्यांना कारखान्याशेजारच्या कर्मचाऱ्यांच्या संडासात सोडायला सुरुवात केली. काका दुपारी मिस्त्रीच्या डब्यातले चार घास खाऊ लागले. हे आठवडाभर चाललं. मग जेलरांना एका सकाळी तिथे थांबावं लागलं, आणि थोड्या वेळाने आतून कैदी बाहेर आला. सेवापुस्तकातली ती लेखी ताकीद याची. काकांचे चार घास पुन्हा बंद झाले.

मिस्त्रीने रीतसर तोंडी विनंती करून पाहिली. संडासांना दारं मंजुरीच्या यादीत नाहीत, जेलर म्हणाले. सदऱ्याला बटणं यादीत आहेत, जेवायला वाडगा यादीत आहे, दारं नाहीत. ते हे दुष्टपणाने म्हणत नव्हते. यादीत असती तर त्यांनी ती संध्याकाळपर्यंत बसवून घेतली असती आणि एखादं कमी भरलं असतं तर मिस्त्रीला झोपू दिलं नसतं.

अशा वेळी वरून एक आदेश आला. सर्व कारागृहांत बंद्यांच्या हक्कांचे फलक लावावेत. फलक टिकाऊ लाकडात, ठळक अक्षरांत, आणि प्रत्येक बंद्याच्या दररोज न चुकता दृष्टीस पडतील अशा जागी असावेत. हक्कांचा मजकूर सोबत होता. माणसाची प्रतिष्ठा तुरुंगाच्या फाटकाशी काढून ठेवावी लागत नाही, असा त्याचा एकंदर आशय. भाषा अर्थात इतकी सोपी नव्हती. फलकांसाठी लाकूडही आलं. सरकारी लाकूड इतक्या वेळेवर आलेलं मिस्त्रीने पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याने ती खूण मानली.

जागा कुठली, यावर खल झाला. फाटकाजवळ कैदी येतो एकदा आणि जातो एकदा. वाचनालयात कुणी जात नाही. कार्यालयात जातो तो खाली मान घालून. मिस्त्री म्हणाला, प्रत्येक माणूस रोज न चुकता जातो अशी एकच जागा आहे. आणि त्याने कागदावर काढलेलं चित्र अधीक्षकांच्या टेबलावर ठेवलं.

अधीक्षक ठेंगणे, शांत, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी चष्मा पुसून चित्र बराच वेळ पाहिलं. बाजूला जेलर उभे होते.

"हे काय आहे, मिस्त्री?"

"फलक आहे, साहेब."

"बिजागरी कशाला?"

"फलक उघडतो."

"फलक उघडून काय करायचं?" जेलरांनी विचारलं.

"मागची साफसफाई."

अधीक्षकांनी चित्र उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. त्या खुर्चीवर त्यांनी अनेक वर्षं काढली होती. काय वाचायचं नाही हे कळण्याइतकं त्यांनी वाचलेलं होतं.

"किती उघडतो?"

"माणूस आत जाईल इतका, साहेब."

"आणि बंद केल्यावर?"

"बंद केल्यावर वाचता येतो."

अधीक्षकांनी पेन उघडलं आणि 'सूचनाफलक, बिजागरीसह, मंजूर' असं लिहून पेनाचं टोपण लावलं. जेलरांनी आदेश पुन्हा वाचला. आदेशाबाहेर त्यात काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना टोचत होतं.

फलक झाले मात्र देखणे. मिस्त्रीने कडा गोल केल्या, म्हणजे कुणाला लागू नये. वर डोकं दिसेल इतकी आणि खाली पाय दिसतील इतकी जागा सोडली, म्हणजे 'सतत'वाल्यांचंही समाधान व्हावं. अक्षरं एका कैद्याने काढली. बाहेर तो खोट्या नंबरप्लेट रंगवायचा, त्यामुळे हात वळणदार होता. घासायचं काम काकांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बसवायच्या दिवशी बराकीत लग्नघराची गडबड. कुणी स्क्रू धरतोय, कुणी पाण्याची बाटली आडवी लावून फलक सरळ आहे का बघतोय. मिस्त्रीने चौकटी ठोकल्या, बिजागऱ्या बसवल्या, कड्या बसवल्या. जेलरांनी पाहणी केली. चारही फलक उघडून, लावून पाहिले. ठीक आहे म्हणाले. त्या संध्याकाळी काकांनी पूर्ण ताट संपवलं आणि भाजी पुन्हा मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरुंगाचा भोंगा झाला.

सकाळच्या मोजणीत एक माणूस कमी भरला होता. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. मिस्त्री नुकता कामावर येत होता. फाटक त्याच्या तोंडावर बंद झालं. आत धावपळ उडाली. छपरं पाहिली, गटाराची झाकणं काढली, स्वयंपाकघरातली मोठी पातेली उघडून आत डोकावलं. पळालेला कैदी ड्रायव्हरकाका आहेत म्हटल्यावर तर जेलर हतबुद्ध झाले. त्यांच्या हिशेबात तो माणूस चालता येण्याच्याही पलीकडे गेलेला होता. अखेर शोधणाऱ्यांपैकी एका वॉर्डरला, घाबरल्यामुळे म्हणा की थंडीमुळे, स्वतःलाच जायची पाळी आली. त्याने टोकाच्या फलकाची कडी काढली. आत काका बसले होते. बाहेरून कडी लागलेली म्हणजे आत कुणी नाही, असं धरून खाली वाकून पाय कुणी पाहिलेच नव्हते. कपडे नीटनेटके, वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर.

झालं होतं ते एवढंच. मिस्त्रीने चारही कड्या बाहेरून बसवल्या होत्या. जन्मभर जशा बसवल्या तशा. स्क्रू धरणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही, जेलरांना दिसलं नाही, बराकीत एकालाही दिसलं नाही. त्या इमारतीत कडी बाहेरूनच असते. पहाटे काका आत गेले. फेरीवरच्या वॉर्डरला एक उघडी कडी दिसली. उघडी कडी दिसली की लावायची, हे त्याच्या हाताला बसलेलं. त्याने ती लावली आणि पुढे गेला.

"हाक का नाही मारली?" जेलरांनी विचारलं. आवाज चढवायच्या तयारीने आले होते, पण चढला नाही.

"बाहेरून कडी लागली, साहेब," काका म्हणाले. "मला वाटलं, आता इथंच ठेवायचं ठरलं."

बराक एरवी अशा गोष्टीला आठवडाभर हसली असती. कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाला मनातून माहीत होतं, की आपणही हाक मारली नसती.

दुपारपर्यंत जेलरांनी आपलं मत कळवलं. फलकांनी एकाच दिवसात मोजणी बिघडवली आहे; उद्या ते काढून मागच्या भिंतीला पक्के ठोकावेत. काकांचं संध्याकाळचं ताट जसं गेलं तसं परत आलं.

मिस्त्री घरी गेला तो न बोलता. ही इतकी अपूर्व गोष्ट होती, की बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्याने सगळं सांगितलं. वॉर्डरची चूक कशी, जेलरांनी पाहणी कशी केली होती, काकांनी साधी हाक मारायला काय हरकत होती. बायको निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवून ऐकत होती.

"अहो, पण कडी बाहेरून लावली कुणी?"

"हाताने लावली गेली."

"मग ते दार त्या म्हाताऱ्यासाठी केलंत की वॉर्डरसाठी?"

मिस्त्री उठला, पिशवीतून लाकडाचा एक तुकडा काढला आणि ओट्यापाशी बसून तासायला लागला. लोखंडी कडी त्याला नको होती. लोखंड कुणीही कशासाठीही वापरील. त्याने लाकडाची वर-खाली पडणारी कडी केली, आपल्या वजनाने खाचेत बसणारी. जेवायच्या आधी ती घरच्या बाथरूमच्या दाराला, आतल्या अंगाला बसवली, दाराची फुगलेली कड रंध्याने उतरवली, आणि बायकोला म्हणाला, जाऊन बघ.

बायको आत गेली. कडी पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही, खोकलासुद्धा नाही.

"बसली का नीट?" मिस्त्रीने बाहेरून विचारलं.

"बसली. जा तुम्ही."

ती बराच वेळ बाहेर आली नाही. मिस्त्री ओट्यापाशी उभा राहिला. इतकी वर्षं आपण एक दार नुसतं ढकलत आलो, हे त्याला त्या शांततेत पुरेसं ऐकू आलं.

सकाळी तो तशीच दुसरी कडी खिशात घालून अधीक्षकांच्या टेबलापुढे उभा राहिला. चूक माझी, म्हणाला. कडी आतून पाहिजे होती. जेलर तिथेच होते आणि त्यांचा विरोध उगीचचा नव्हता. काही वर्षांपूर्वी खिडकीच्या गजाला लटकलेल्या एका पोराला त्यांनी स्वतःच्या हातांनी खाली घेतलं होतं; तेव्हापासून त्यांना बंद जागांची धास्ती होती. हे मिस्त्रीला ठाऊक होतं, कारण शिडी घेऊन त्यालाच बोलावलं होतं.

"आतून लावून घेतली आणि जिवाचं काही बरंवाईट केलं तर?" जेलर म्हणाले. "तुम्ही उत्तर देणार?"

मिस्त्रीने खिशातून कडी आणि एक पातळ पट्टी काढली. फळीच्या फटीतून पट्टी घातली, की कडी बाहेरून उचलता येते, हे दाखवलं.

"बाहेरून उचलता येते तर मग कडीचा उपयोग काय?"

"उचलणाऱ्याला आधी थांबावं लागतं, साहेब," मिस्त्री म्हणाला. "तेवढाच उपयोग."

अधीक्षकांनी कडी हातात घेऊन वर-खाली केली. मग टोपी उचलली आणि म्हणाले, एक बसवा, बघू.

मिस्त्रीने टोकाच्या फलकाची लोखंडी कडी काढली आणि लाकडाची आतल्या बाजूला बसवली. अधीक्षक, जेलर, दोन वॉर्डर आणि सगळी बराक बघत होती. काका आपल्या अंथरुणावर भिंतीला टेकून बसलेले. अधीक्षकांनी फलकावरचा मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा नीट केला, फलक उघडला, आत गेले आणि फलक लावून घेतला. कडी पडली.

आणि बराकीने, सवयीने, भिंतीकडे तोंड केलं आणि मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली. हवेबद्दल. तारखांबद्दल.

दोघे वॉर्डर गोंधळून छताकडे बघायला लागले. जेलर हातात पट्टी घेऊन उभे. फळीच्या वर अधीक्षकांची टोपी दिसत नव्हती. म्हणजे ते खाली बसले होते. खाली बूट दिसत होते. आतून काहीच कळेना. जेलर एक पाऊल पुढे झाले, फटीपाशी पट्टी नेली आणि थांबले. बराकीत आतून लागलेल्या दारापुढे ते उभ्या नोकरीत कधी उभे राहिले नव्हते. अशा वेळी काय करतात, हे त्यांना घरी माहीत होतं, इथे माहीत नव्हतं. पट्टी त्यांनी खाली घेतली. घडी घातलेला रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमाल पुन्हा घडीवर घडी घालून ठेवला, आणि बोटाच्या पेराने फळीवर हलकेच वाजवलं.

"साहेब, येऊ का?"

"नको," आतून उत्तर आलं.

बराकीची बडबड थांबली. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या गर्दीत आधी एकाचे खांदे हलले, मग दुसऱ्याचे. पण मोठ्याने पहिले हसले ते ड्रायव्हरकाका. त्यांना हसताना तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना त्याचा सरावही राहिला नसावा, कारण हसता हसता त्यांना खोकला लागला आणि शेजाऱ्याला पाठ चोळावी लागली. जेलर हसले नाहीत. पण पट्टी त्यांनी मिस्त्रीच्या हातात परत दिली.

अधीक्षक यथावकाश बाहेर आले आणि हात धुतले. बाकीच्या तिन्हींनाही बसवा, म्हणाले. पळवाट जेलरांनी स्वतः शोधली, आणि ती त्यांच्या नावावर जमा केली पाहिजे: फलक वाऱ्याने आपटू नये म्हणून आतील बाजूस लाकडी अटकाव, असं त्यांनी लिहून दिलं. त्या बराकीत वारा कधी आलेला कुणाला आठवत नाही. पुढे फेरीवरच्या वॉर्डरांना त्यांनी तोंडी हुकूम दिला, की फलक लागलेला दिसला तर आधी वाजवायचं. पहिले काही दिवस वॉर्डर लाजले. मग हाताला बसलं.

काका जेवायला लागले. डॉक्टरांनी नोंद केली, की उपोषण संपलं आहे; मागण्या मान्य झाल्या नाहीत, कारण केलेल्याच नव्हत्या. सदरा हळूहळू अंगाला पुन्हा बरोबर यायला लागला. त्या दोन माणसांचं ओझं कुठल्या दाराने उतरणारं नव्हतं आणि काकांनी ते उतरावं असं कधी म्हटलंही नाही. ते वागवायला अंगात थोडं बळ लागतं, तेवढं आलं. सुटायच्या दिवशी ते कारखान्यात आले, मिस्त्रीच्या बाकाचा कोपरा हाताने पुसला आणि गेले.

मिस्त्री पुढेही बढाया मारत राहिला. त्या चार फलकांबद्दलही मारी. पण ऐकणाऱ्याने हक्क, प्रतिष्ठा असलं काही काढलं, की तो कंटाळे. त्याला सांगायचं असे ते एवढंच, की इतक्या वर्षांत एकही फळी फुगलेली नाही. घरी त्याला आपल्या कामाची वेगळी किंमत मोजावी लागली. सासूबाई आता आल्या की महिनाभर राहत, आणि त्यांना भूकही चांगली लागे. एकूण पाहता, ज्याला त्याग म्हणतात त्यात हे बसायला हरकत नाही.

तो निवृत्त झाला त्या दिवशी कारकुनाने सेवापुस्तक बंद करण्यापूर्वी त्याला विचारलं, विशेष कामगिरीत काही घालू का? मिस्त्रीने विचार केला आणि हत्यारं कधी कमी भरली नाहीत, असं घाल म्हणाला. कारकून म्हणाला, ते वर आलंय. मग राहू दे.

कारागृहाच्या सामानाच्या नोंदीत त्या बराकीपुढे आजही असं लिहिलेलं आहे: सूचनाफलक, बिजागरीसह, चार. वापरात. स्थिती चांगली. संडासांची दारे: निरंक.

कडी आतून लागते.